पाणी कुठवर येतं?

वहिनी वरच थांबतात. कळंबच्या चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरत कुंडापाशी जायचं आणि मग गाभाऱ्यात. दोन वर्षांपासून वहिनींचे गुडघे या पायऱ्यांना तयार नाहीत. त्या वरूनच हात जोडतात, भाऊ खाली जाऊन येतो आणि दूर्वांची जुडी त्यांच्या तळहातावर ठेवतो. आज त्यानं एक पाकीटही देवाच्या पायाशी ठेवून आणलं आहे. पाकिटात धनादेश आहे. अलिबाग तालुक्यात समुद्राजवळ ज्येष्ठांसाठी एक वसाहत उभी राहते आहे, तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हा इसार.

घरी येतो. समोरच्या खोलीत दुसऱ्या वेचणीचा कापूस भिंतीच्या अर्ध्यापर्यंत चढलेला. ढिगाच्या कडेला सतरंजी टाकून आम्ही तिघं बसतो. मध्ये गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. त्यावर मावळता सूर्य, वेताच्या दोन खुर्च्या, समोर निळं पाणी. पुतण्या पुण्याहून फोनवर आहे, स्पीकर लावला आहे.

"काका, तुम्ही समजवा त्यांना. तिथं चोवीस तास नर्स आहे, अँब्युलन्स आहे, जेवणाची सोय आहे. गेल्या उन्हाळ्यात बाबांना रात्री चक्कर आली, तेव्हा यवतमाळला पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता."

त्याचं खोटं नाही. मे महिन्यात इथं दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि घरात दोनच माणसं, दोन्ही सत्तरीपलीकडची. पोराची काळजी खरी आहे, म्हणूनच हा कागद नीट वाचायला हवा. मी तीस वर्षं यवतमाळला दस्त लिहिले. इसार दिल्यावर वाचायला बसलेली माणसं मी खूप पाहिली आहेत.

वहिनी माहितीपत्रक उलटंपालटं करतात. "मले एक सांगा भाऊजी, तिकडं पाणी कुठवर येते?"

तीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकानं पहिलाच प्रश्न इतका नेमका विचारल्याचं मला आठवत नाही. पण कळंबच्या बाईला तो सुचणारच. इथल्या कुंडाचं पाणी काही वर्षांनी आपसूक वर चढतं. 'गंगा आली' म्हणत गाव लोटतं.

"मी पायलं नं," वहिनी म्हणतात, "देवाच्या पायाले लागलं होतं. मंग आपल्याआपण उतरलं."

मी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक वाकडी रेघ ओढतो. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. भरतीची सर्वात वरची रेषा सरकारी नकाशावर आखलेली असते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर या रेषेपासून साधारण २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. दाट वस्तीच्या गावांत, किनारा आराखडा मंजूर झाल्यावर, ही मर्यादा ५० मीटरवर येते. आपली इमारत रेषेपासून किती मीटरवर आहे, हे मंजूर नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हणायचं. माहितीपत्रकात फक्त 'समुद्रापासून दोन मिनिटं' लिहिलं आहे.

"आणि वादळाचं?" भाऊ विचारतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावं दिवसचे दिवस विजेवाचून राहिली. वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही, पाण्याचा पंप नाही. जनरेटर लिफ्टला जोडलेला आहे का, आणि तो किती तास चालतो? मी लिहून घेतो. खाली आणखी एक ओळ : खारा वारा कड्या, ग्रील, गज खातो, त्या दुरुस्तीचा खर्च कोणावर?

मग दारांचा विषय निघतो. मे २०२४ मध्ये महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर हवी. जिना १५०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, दोन्ही बाजूंना कठडा हवा, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत.

"नऊशे म्हंजे किती?"

"तीन फुटाला अर्धा इंच कमी."

वहिनी गुडघ्यावर हात रोवून उठतात. शिलाई मशीनच्या खणातून ब्लाउज मापायची टेप काढतात आणि न्हाणीच्या दाराला लावतात. पिवळी टेप मध्ये थोडी झोळ घेते, त्या अंगठ्यानं ताणतात. चोवीस इंच. दारामागे वॉकर उभा आहे, डॉक्टरांनी सांगितला म्हणून आणलेला. त्यालाही टेप लावतात. तेवीस.

"म्हणून मी आडवी होऊन जातो," त्या सांगतात. "रोज."

भाऊ टेपकडे बघत राहतो. याच घरात, याच दारातून बाई रोज आडवी होऊन जाते हे त्याला आज कळतं आहे.

मी पाकीट उघडतो. धनादेश वीस टक्क्यांचा आहे, दिवाळीपुरती सवलत म्हणून घाई केलेली. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. भाऊ गप्प होतो. बाकीचे पैसे शेतातून यायचे आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून त्याच्या शेताला गिऱ्हाईक येऊन राहिलं आहे.

"सगळं नको विकू, भाऊ. सातबाऱ्यावरून नाव गेलं, तर उद्या पुन्हा शेती घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणशील?"

"म्या तेच म्हटलं होतं," वहिनी म्हणतात. मग टेप बोटाभोवती गुंडाळत विचारतात, "आन दोघांतलं एक गेलं तं?"

फोनवर पुतण्याचा श्वास तेवढा ऐकू येतो.

हे मी हळू सांगतो, पण सगळं सांगतो. खरेदीखत होणार आहे, की ठेव भरून हयातीपुरतं राहायचं आहे? ठेव असेल तर परत किती, किती दिवसांत? घर दोघांच्या नावे हवं. मुलाला विकायचं झालं तर गिऱ्हाईक साठीपुढचंच लागेल का? अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात, की दुसरीकडे हलवा म्हणतात? महिन्याचा खर्च दरवर्षी किती वाढतो? या प्रश्नांची उत्तरं करारात नसली, तर माहितीपत्रकावरच्या सूर्याचा म्हातारपणी काही उपयोग नाही.

"मग नको म्हणता का, काका?" पुतण्याचा आवाज उतरतो.

"नको नाही म्हणत. ज्या घरात हिला सरळ चालत न्हाणीत जाता येईल, ते घर मिळालंच पाहिजे. तिथं मिळो, नाहीतर इथं दार फोडून करू. पण आधी महिनाभर भाड्यानं राहून बघायची सोय आहे का, विचार."

"हिवाळ्यात जाऊ," भाऊ म्हणतो. "हवा चांगली असते."

वहिनी धनादेश पाकिटात घालतात, पाकीट कपाटात, दूर्वांच्या जुडीखाली.

"हिवाळ्यात नाई," त्या म्हणतात. "आषाढात जाऊ. पाणी चढते तवा."

भाऊ मान हलवतो. मग तो वहिनींच्या हातातून टेप घेतो, न्हाणीच्या दारापाशी जातो आणि चौकटीच्या डावीकडच्या विटांवर पेन्सिलीनं खूण करतो, साडेपस्तीस इंचांवर.