राजाला मूर्ख कोण म्हणणार?

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असेलच. कट्ट्यावर टिंगल करता करता तो असं काही बोलून जातो, की सगळे हसतात, पण ज्याच्यावर बोललं जातं तो रात्री झोपताना तेच वाक्य आठवत राहतो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला विदूषक नेमका याच पठडीतला.

‘नटसम्राट’ पाहिलं असेल, तर गोष्ट ओळखीची वाटेल. शिरवाडकरांच्या त्या नाटकाची प्रेरणा हीच शोकांतिका. म्हातारा राजा लिअर मुलींमध्ये राज्य वाटायला बसतो. जी प्रेमाचं जास्त गुणगान करेल, तिला मोठा वाटा. थोरल्या दोघी भरभरून गोड बोलतात. धाकटी कॉर्डेलिया तसं बोलायला नकार देते. तिच्या हाती काहीच लागत नाही. ‘महाराज, चुकताय’ म्हणणारा सरदार केंट हद्दपार होतो. पहिल्याच प्रवेशात खरं बोलणाऱ्या दोघांचा निकाल लागतो.

मग येतो विदूषक. तो राजाला चक्क ‘काका’ म्हणतो. एक अंडं दे, दोन मुकुट देतो, म्हणतो. कसे? अंडं मधोमध कापायचं, आतलं खाऊन टाकायचं, उरलेल्या टरफलांचे दोन मुकुट! लिअरनं स्वतःच्या मुकुटाचे असेच दोन तुकडे करून वाटून टाकलेत, हे कुणाला कळत नाही? ‘मला मूर्ख म्हणतोस?’ असं राजा विचारतो, तेव्हा उत्तर तयार असतं: बाकीच्या पदव्या तू देऊन टाकल्यास, ही जन्मजात आहे!

केंट जे बोलला, तेच हाही बोलतोय. पण याला फक्त चाबकाची धमकी मिळते. विदूषकाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं ना! हीच त्याची ढाल.

आपल्याला वाटतं, विदूषक म्हणजे ताण हलका करणारा. इथे उलटं होतं. प्रत्येक विनोदागणिक लिअरची चूक त्याला जास्त टोचू लागते. मुलींनी दारं बंद केल्यावर भर वादळात त्याच्यासोबत उरतो तो हाच, कुडकुडणारा. तिथे लिअर त्याला विचारतो, ‘थंडी वाजतेय का रे?’ आयुष्यभर स्वतःपुरतं पाहणाऱ्या राजाला दुसऱ्याची थंडी दिसते.

त्यानंतर थोड्याच वेळात, तिसऱ्या अंकात, विदूषक नाटकातून गायब होतो. कुठे गेला, कुणीच सांगत नाही.

पुढे तर नाटकातूनच त्याला हाकललं गेलं. १६८१ मध्ये नेहम टेट यानं ‘किंग लिअर’ नव्यानं लिहिलं. शेवट गोड केला आणि विदूषक काढून टाकला. दीडशेहून अधिक वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर तो दिसला नाही. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटानं त्याला परत आणलं, तेव्हा ती भूमिका प्रिसिला हॉर्टन या अभिनेत्रीनं केली. गोड शेवट हवा असेल, तर खरं बोलणारा अडचणीचाच ठरतो.

विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हा मराठी अनुवाद लायब्ररीत शोधा. आणि हो, तुमच्या ग्रुपमधला तो हसवणारा अचानक गप्प झाला, तर तुम्हीही विचारा, ‘थंडी वाजतेय का रे?’