डोंगर जवळ, वाट दूर

तासगाव म्हटले की द्राक्षे, बेदाणा आणि गणपतीचे गोपूर आठवते. सायकल आठवत नाही. वस्तुतः लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात ज्या सायकलींच्या दुकानाने प्रारंभ केला, त्याच उद्योगातून १९१० मध्ये तासगावजवळच्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे सायकल शिक्षकांची, कारकुनांची झाली आणि मोटारसायकल दारी येताच अडगळीत गेली.

कॅलिफोर्नियात १९७० नंतर रुजलेला डोंगरी सायकलींचा छंद १९९६ मध्ये ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. तासगावकर कुटुंबाला त्यासाठी दूर जाणे नको. दंडोबाचा डोंगर आणि सागरेश्वर जवळच आहेत. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे सामान आणि भरपूर पाणी घेतले की पुरे. खरी अडचण डोंगरापर्यंत पोहोचण्याची आहे. हमरस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी; तेथे मुलांना न्यावयास आईबाप धजत नाहीत. गाडीवाटेच्या जुन्या पाणंदी मात्र अनेक ठिकाणी बांधांनी गिळल्या आहेत. त्या मोकळ्या झाल्या, तर शेतकऱ्याच्या मालाला आणि मुलांच्या सायकलींना एकच वाट पुरेल.

सागरेश्वरचे भान मात्र निराळे हवे. उजाड डोंगरावर झाडे लावून उभे केलेले हे वन १९८५ मध्ये अभयारण्य झाले. तेथे पहिला हक्क हरणांचा. वनखात्याने आखून दिलेली वाट सोडणे हा पराक्रम नव्हे.

मुलाला सायकल घेऊन देणे घराच्या हाती आहे. तिच्यासाठी निर्धोक वाट राखणे हे गावाचे कर्तव्य आहे.