आपला उजेड, समोरच्याचा अंधार

गेल्या आषाढातील एका रात्री आम्ही कोल्हापूरहून सावंतवाडीला निघालो होतो. गाडीत पत्नी, मुलगी आणि माझे वडील, म्हणजे आबा. आंबोलीचा घाट पावसाळ्यात कसा असतो, हे त्या वाटेने गेलेल्यांना सांगायला नको. दहा पावलांपुढचा दगड दिसू नये असे धुके आणि त्यातून अखंड पडणारा पाऊस. याच प्रवासासाठी आठवडाभर आधी मी गाडीच्या बंपरवर दोन जादा दिवे बसवून घेतले होते. सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने तासाभरात काम उरकून दिले आणि "आता रात्रीचा दिवस होईल" असे आश्वासनही दिले.

घाटातील एका वळणावर समोरून एक स्कूटर चढत आली. चालवणाऱ्याने एकदम हात डोळ्यांवर नेला, स्कूटर डगमगली आणि कठड्यालगतच्या चरात जाऊन आडवी झाली. मागे त्याची सहा-सात वर्षांची मुलगी बसलेली होती. सुदैवाने दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मी धावत खाली उतरलो. त्या गृहस्थाने शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. मुलीचे केस पुसत तो एवढेच म्हणाला, "साहेब, एकदा स्वतःच्या गाडीसमोर उभे राहून बघा, मग चालवा."

त्या वाक्यानंतर मी या विषयाचा जो अभ्यास केला, त्यातून हा लेख झाला. आहार, व्यायाम आणि झोप यांची काळजी घेणाऱ्या कुटुंबांनी गाडीच्या दिव्यांचा विचार आरोग्याच्या सदरात का करावा, याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे.

दिपलेला डोळा

अंधारात पाहण्याचे काम डोळ्याच्या पडद्यावरील दंडपेशी करतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रकाशसंवेदी द्रव्य असते. तीव्र प्रकाश पडताच ते विघटित होते आणि अंधारात पुन्हा हळूहळू तयार होते. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्णपणे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. समोरच्या गाडीच्या झोताने डोळा एवढा रिता होत नाही. तरी दृष्टी सावरायला काही सेकंद जातातच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. पाच सेकंद दृष्टी अधू राहिली, तर चालक ८० मीटरहून अधिक अंतर जवळजवळ न पाहता जातो.

दुसरी बाब डोळ्याच्या आतील प्रकाशाच्या विखुरण्याची. तीव्र झोत डोळ्यात शिरला की त्याचा काही अंश पडद्यावर धुरकट पडद्यासारखा पसरतो आणि त्याखाली रस्त्यावरचा पादचारी, गुरे, खड्डा हे सारे पुसट होतात. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यात हे विखुरणे फार वाढते. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, भिंगही पिवळसर होते. त्यामुळे साठीतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणजे ज्येष्ठांना उजेड अधिक लागतो आणि झोताचा त्रासही त्यांनाच अधिक होतो.

नियमात उभा असलेला माणूस

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम वाचताना मला आश्चर्य वाटले. दिवा किती वॅटचा असावा, याऐवजी तो नियम एका माणसाच्या डोळ्याची जागा सांगतो. दिव्यापासून समोर ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्या माणसाला पुढच्या दिव्याने दिपता कामा नये. झोत कायमचा खाली झुकलेला असावा किंवा चालकाला तो तसा खाली घेता यावा. दीड मीटर ही साधारण उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची. माझ्या आबांचीही तीच.

याच नियमावलीतील १११ व्या नियमाने गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई केली आहे. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊनच तो लावता येतो. पुढच्या बाजूला तांबडा दिवा दाखवता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास प्रतिबंध करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग कायदेशीर मार्ग कोणता? सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे गाडीच्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेले फॉग लॅम्प बसवणे. अनेक गाड्यांच्या बंपरमध्ये त्यांची जागा आधीच केलेली असते आणि ती प्लास्टिकच्या झाकणाने बंद असते. दिव्याच्या काचेवर मान्यतेची खूण कोरलेली आहे ना, ते पाहावे. छतावरील दिव्यांची पट्टी, बंपरवरचे चौकोनी कामाचे दिवे किंवा हॅलोजनच्या दिव्यात बसवलेला एलईडी बल्ब या गोष्टी दुकानात सहज मिळतात. परंतु मिळते ते सारे रस्त्यावर चालते असे नव्हे. शंका असल्यास बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

दोन दिवे, दोन कामे

आपण सरसकट 'फॉग लाइट' म्हणतो, त्यात दोन भिन्न दिवे असतात. फॉग लॅम्पचा झोत रुंद, आखूड आणि वरून धारदार कापलेला असतो. तो खाली बसवतात, कारण धुके दाट असताना डोळा आणि झोत यांच्यामध्ये जितके धुके कमी उजळेल तितके चांगले. हाय बीम धुक्यात लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, ती याच कारणाने. पिवळा प्रकाश धुके भेदतो, ही समजूत मात्र खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा प्रकाश काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, इतकेच.

ड्रायव्हिंग लॅम्प हा दुसरा प्रकार. त्याचा झोत अरुंद आणि लांबवर जाणारा असतो. तो हाय बीमचा सोबती आहे आणि त्याची जोडणी अशी हवी की हाय बीम खाली घेताच तोही विझावा. माझ्या गाडीवर नेमका असा लांब झोताचा दिवा फॉग लॅम्प म्हणून बसवला होता आणि त्याची जोडणी थेट वेगळ्या बटणावर होती. मी लो बीमवर होतो, तरी ते दोन झोत त्या स्कूटरस्वाराच्या डोळ्यांत सरळ जात होते.

बसवताना

फॉग लॅम्प जमिनीपासून पाव मीटरपेक्षा खाली नसावेत आणि गाडीच्या लो बीमपेक्षा वर नसावेत. दोन्ही एकाच उंचीवर, मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर आणि घट्ट पायावर बसवावेत. सैल दिवा प्रत्येक खड्ड्यात समोरच्याच्या डोळ्यांवर उडी घेतो.

विजेची जोडणी हा आपल्याच कुटुंबाच्या सुरक्षिततेचा भाग आहे. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. हा प्रवाह डॅशबोर्डच्या बारीक तारेतून नेला, तर तार तापून आग लागण्याचा धोका असतो. म्हणून बॅटरीपासून जाड तार, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले हवाच. बटणातून केवळ रिलेला चालवणारा अल्प प्रवाह जावा. ड्रायव्हिंग लॅम्प असेल, तर रिलेला मिळणारा इशारा हाय बीमच्या तारेवरून घ्यावा. मूळ तारांचे जुडगे कापून जोडणी केल्यास वॉरंटीचा प्रश्न येतो. म्हणून उत्पादकाचा तयार तारसंच आणि अधिकृत कार्यशाळा यांचाच आग्रह धरावा.

झोत जुळवताना

ही कृती घरच्या अंगणातही तपासता येते. सपाट जागा आणि एक भिंत पुरे. चाकांत योग्य हवा, टाकीत अर्धे इंधन आणि चालकाच्या आसनावर एक व्यक्ती असावी. हेडलाइटची पातळी बदलणारे चक्र शून्यावर ठेवावे.

१. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रत्येक दिव्याचा मध्य भिंतीवर चिकटपट्टीने खुणावा. त्या खुणांतून आडवी रेषा ओढावी.

२. गाडी सरळ मागे घेऊन दिवे भिंतीपासून १० मीटर अंतरावर आणावेत.

३. प्रथम लो बीम तपासावा. झुकाव १ टक्का असेल, तर १० मीटरवर झोताची वरची कड दिव्याच्या मध्यरेषेखाली १० सेंटीमीटर दिसते. आपल्या गाडीसाठी नेमका आकडा हेडलाइटजवळ किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून कड डाव्या बाजूला वर चढलेली असावी. ती उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशासाठी बनलेला आहे. तो येथे वापरू नये.

४. फॉग लॅम्पची कड त्याच्या मध्यरेषेखाली सुमारे २० सेंटीमीटर ठेवावी, म्हणजे झुकाव २ टक्के. दिवा अर्धा मीटर उंच असेल, तर त्याची कड २५ मीटरवर जमिनीला टेकते. दाट धुक्यात याहून पुढचे दाखवण्याची त्याच्याकडून अपेक्षा करू नये. वेगच त्या अंतराला साजेसा ठेवावा.

५. ड्रायव्हिंग लॅम्पचा सर्वांत तेजस्वी ठिपका सरळ समोर, मध्यरेषेवर किंवा किंचित खाली असावा आणि हाय बीम बंद करताच तो विझतो, हे पाहावे.

मागे सामान आणि माणसे भरली की गाडीचे शेपूट बसते. दोन चाकांतील अंतर अडीच मीटर असलेल्या गाडीचा मागचा भाग केवळ ५ सेंटीमीटर खाली गेला, तरी ५० मीटरवर झोत सुमारे १ मीटर वर चढतो. पातळी बदलणारे चक्र त्यासाठीच असते; भार वाढला की मोठा आकडा लावून झोत खाली घ्यावा. सहकुटुंब प्रवासाला निघताना हे चक्र फिरवणे बहुतेक जण विसरतात. त्या रात्री मीही विसरलो होतो.

उजेडाचा संयम

निरभ्र रात्री फॉग लॅम्प लावून फिरण्याने आपलेही नुकसान होते. बंपरजवळचा रस्ता फार उजळला की डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि दूरचा अंधार अधिकच गडद होतो. आपल्याला वाटते, सारे लख्ख दिसते आहे. प्रत्यक्षात जिथे पाहायला हवे तिथले कमी दिसत असते. ताशी ६० किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला, विचाराचा वेळ धरून, सुमारे ४५ मीटर लागतात. ओल्या घाटरस्त्यावर त्याहून अधिक. नजर तिथवर पोचायला हवी.

जादा दिवे घेण्याआधी विनाखर्चाचे उपाय करावेत. हेडलाइटची काच पुसावी, पिवळी पडली असल्यास पॉलिश करून घ्यावी. विंडशील्ड आतूनही स्वच्छ करावी, वायपरचे रबर बदलावे. चष्म्याचा नंबर तपासावा. पन्नाशीनंतर रात्री दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवण्यास विलंब करू नये. समोरून झोत आलाच, तर वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. सूड म्हणून आपणही हाय बीम लावल्यास त्या रस्त्यावर दिपलेले चालक दोन होतात.

आंबोलीहून परतल्यावर मी ते दिवे काढून टाकले आणि उत्पादकाचे फॉग लॅम्प बसवून घेतले. अंगणात अंधार पडल्यावर ८ मीटर मोजून खूण केली. तिथे मी उभा राहणार, तोच आबा काठी टेकत पुढे झाले. "माझ्या एका डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे. मला चाललं, तर सगळ्यांना चालेल," असे म्हणत ते खुणेवर उभे राहिले. मी दिवे लावले. उजेड त्यांच्या पायांवर, धोतराच्या काठांवर पडला आणि तिथेच थांबला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला तू दिसतोयस."

प्रवासाला निघण्याआधी आपल्याही घरातील एखाद्या वडीलधाऱ्याला त्या खुणेवर उभे करावे आणि विचारावे.