तबकडीवरचा हलका हात

बालाघाट जिल्ह्याच्या जंगलांत पळस आणि कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिका अशाच लाखेत दगडाची पूड कालवून बनत. पुढे १९४८ साली अमेरिकेत ३३ फेऱ्यांची, व्हायनिलची दीर्घ मुद्रिका निघाली. वैनगंगेकाठच्या एखाद्या मराठी घरी आजोबांची बालगंधर्वांची पदे आणि वडिलांचे भीमसेन जोशींचे अभंग एकाच पेटीत असावयाचे. दोन्ही ऐकावयाचे, पण यंत्र एकच घेण्याची ऐपत. मग त्याचा सुई धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, कसा पारखावा? निवड चुकली तर झिजलेली जुनी तबकडी पुन्हा मिळणे कठीण.

अडचण खाचेत आहे. दीर्घ मुद्रिकेच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते. लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनचे लागते. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी उतरते आणि गाण्याऐवजी खरखरच अधिक ऐकू येते. तेव्हा पहिली कसोटी ही, की दांड्याचे पुढचे डोके, म्हणजे हेडशेल, सहज निघाले पाहिजे. अनेक दांड्यांत ते कडे फिरवून बसविण्याची एकच प्रमाणित जोडणी असते. दोन डोकी, दोन सुया, आणि अर्ध्या मिनिटात अदलाबदल!

दुसरी कसोटी वजनाची. दीर्घ मुद्रिकेवर सुईचा भार बहुधा दीड ते अडीच ग्रॅम, तर लाखेच्या तबकडीवर तीन ते पाच ग्रॅम ठेवतात. मागचे वजन सरकवून एवढा पल्ला साधला पाहिजे. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, हा समज मात्र खोटा. फार हलकी सुई उसळते आणि खाचेच्या भिंतींवर आपटते. शिवाय लाखेची तबकडी जाड असते. म्हणून दांड्याची उंचीही बदलता आली तर उत्तम.

तिसरी गोष्ट दांड्याच्या जडपणाची. त्याचे परिणामी वस्तुमान दहा-बारा ग्रॅम असेल, तर बाजारातील बहुतेक सुयांशी त्याचे जमते. सुईची लवचिकता आणि हे वस्तुमान मिळून जे कंपन होते, ते सेकंदाला ८ ते १२ च्या दरम्यान राहावे. त्याहून खाली आले तर वाकडी तबकडी आणि चालणाऱ्याची पावले दांड्याला हलवितात. फार वर गेले तर ते संगीतातच मिसळते.

दुकानात दांडा अधांतरी तोलून हलकेच फुंकर घाला. तो अडखळल्याविना सरकला पाहिजे. मग डोके धरून अलगद हलवून पाहा. सांध्यात खडखड नसावी. तबकडी फिरविणाऱ्या यंत्रास ७८ ची गती आहे ना, हेही विचारा. चकचकीत मुलाम्यावर खर्च न करता वाचलेल्या पैशांतून दुसरी सुई घ्या. आजोबांची पदे त्या सुईनेच ऐकू येतील.