एकोणपन्नास कसे लिहायचे?

लेखमाला : सर्वांचा वर्ग (लेखांक ६)

संध्याकाळच्या गर्दीत घाटकोपरला उतरायचे असले, तरी लोकलच्या खिडकीतून स्टेशन दिसण्याची आशा नसते. मधे माणसांची भिंत असते. तेवढ्यात डब्यातला आवाज मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून पुढचे स्टेशन सांगतो आणि नव्या गाड्यांत वरच्या पट्टीवर तेच नाव दिव्यांच्या अक्षरांत सरकत जाते. ज्याला दिसत नाही त्याला आवाज आहे, ज्याला ऐकू येत नाही त्याला अक्षरे आहेत. उरलेल्या शेकडो जणांना त्या क्षणी जे सोयीचे असेल ते. त्यासाठी कोणी कोणाकडे प्रमाणपत्र मागत नाही.

वर्गातला पाठ असा बेतता येईल का, हा या आठवड्याचा प्रश्न.

या विचाराला इंग्रजीत 'युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग' म्हणतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८४ साली सुरू झालेल्या 'कास्ट' या संस्थेने तो मांडला. सुरुवातीला ही मंडळी संगणकाच्या मदतीने एकेका अपंग मुलाला पाठ्यपुस्तक वाचता यावे म्हणून धडपडत होती. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले, की दुरुस्ती मुलाची करायची नसून पुस्तकाची आणि पाठाची करायची आहे. इमारत बांधतानाच उतार ठेवला तर नंतर पायऱ्या फोडाव्या लागत नाहीत, हा वास्तुरचनेतला धडा त्यांनी शिक्षणात आणला.

आपल्याकडे असा उतार ठेवण्याचा एक प्रयत्न झाला आणि त्यावर केवढे वादळ उठले, ते अनेकांना आठवत असेल. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे पुस्तक आले. त्यात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन होते. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. मराठीचा गळा घोटला इथपासून टीका झाली, विषय विधानसभेपर्यंत गेला. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, हे नारळीकर सांगत राहिल्या; गोंगाटात ते फार थोड्यांनी ऐकले.

थोडे सात वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहावे. 'सत्तावीस' म्हणताना कानावर सात आधी पडतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. कानाने सांगितले तसे हाताने लिहिले तर ७२ होतात. 'एकोणपन्नास' त्याहून अवघड. उच्चारात चार कुठेच नाही, नऊही नाही. पन्नास मात्र ठळक ऐकू येतो. मग कोणी ५९ लिहितो, कोणी ५१. त्यापुढे 'त्र्याण्णव', 'अठ्ठ्याण्णव' यांची जोडाक्षरे उभी असतातच. ज्या मुलाला ऐकलेला क्रम डोक्यात धरून ठेवणे मुळातच जड जाते, त्याला गणित येत नाही असा शिक्का इथेच बसतो. खरे तर त्याला अडते ती संख्या नव्हे, संख्येचे नाव.

मुंबई महापालिकेच्या शाळांत आठ माध्यमांतून शिकवले जाते. कन्नड माध्यमातले मूल 'इप्पत्तेळु' म्हणते, म्हणजे वीस आणि सात, आणि तेलुगूतही तोच क्रम आहे. नॉर्वेने १९५१ साली संख्या बोलण्याचा क्रम अधिकृतपणे बदलला. टेलिफोनचे आकडे सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागचे मोठे कारण होते. नारळीकरांच्या समितीने तर तेवढेही केले नव्हते. बाजारात 'सत्तावीस रुपये' ऐकणाऱ्या मुलाला दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या होत्या, आणि दोन वाटा ठेवणे हाच समावेशक पाठाचा गाभा आहे.

लिपीचेही तसेच. 'दिवस' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार नंतर. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या एका रेषेच्या फरकावर उभ्या आहेत. 'धडा' हा शब्दच काही मुलांना 'घडा' दिसतो. इथे खर्चिक साधन लागत नाही. जोडीतली दोन्ही अक्षरे एकाच आठवड्यात न शिकवणे, फळ्यावर लिहिताना तोंडाने म्हणणे, अक्षर वाळूत बोटाने गिरवू देणे, ओळींत मोकळी जागा सोडणे, एवढ्याने खूप फरक पडतो. आणि तो डिस्लेक्सिया असलेल्या मुलापुरता राहत नाही. घरी भोजपुरी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलालाही तोच हात मिळतो.

पाठ बेतताना पहिला प्रश्न हेतूचा असतो. बोरिवलीच्या एखाद्या शाळेत चौथीला 'पाणी कसे साठवतात' हे शिकवायचे आहे, असे समजू. जवळच राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी टाक्यांत उतरते. पाण्याची ही वाट मुलाला समजली का, हे पाहायचे असेल, तर दहा ओळी लिहून घेणे ही एक रीत झाली, एकमेव नव्हे. दृष्टिहीन मूल बोटाने पन्हळ चाचपून सांगेल. कर्णबधिर मूल चित्रांचा क्रम लावेल. ज्याला लिहायला आवडते ते लिहील. परीक्षा पाण्याची असेल तर शुद्धलेखनाचे गुण त्यात मिसळू नयेत. शुद्धलेखन महत्त्वाचे आहेच, त्याचा तास वेगळा.

मालिनी छिब यांचे उदाहरण इथे आठवते. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली. आज ती 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. मालिनी करंगळीने टंकलेखन करतात आणि आपले आत्मकथन त्यांनी तसेच लिहिले, 'वन लिटल फिंगर' या नावाने. हाती पेन धरता येणे हीच लिहिण्याची अट ठेवली असती, तर ते पुस्तक झालेच नसते.

मुंबईने एका बाबतीत लवकर पाऊल उचलले, हे नोंदवायला हवे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष यांचा त्यात समावेश होता. शीव रुग्णालयासारख्या महापालिकेच्या रुग्णालयांतून तपासणी होऊ लागली. देशाच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले ते पुढे २० वर्षांनी. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, २०१६ च्या कायद्यात २१ झाली, आणि त्यांत हिचे नाव आले. पण सवलत परीक्षेच्या दिवशी कामी येते. त्याआधीची दहा वर्षे मूल ज्या पाठातून जाते, तो बहुतेक वर्गांत जसाच्या तसा राहिला. ही उणीव भरायला नवा शासन निर्णय लागत नाही.

शिक्षक वाचकांना एक विनंती. येत्या सोमवारी शिकवायचा कोणताही एक पाठ घ्या, त्याचा हेतू एका ओळीत लिहा आणि वर्गातले कोणते मूल कोणत्या शब्दापाशी थांबते, ते आठवडाभर टिपून ठेवा. पुढच्या लेखांकात प्रश्नपत्रिकेकडे वळायचे आहे, तेव्हा ही टिपणे लागतील.