मोबाईलचा खेळ : मजाही टिकवा, तब्येतही टिकवा

मे महिन्यातली दुपार. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत विहाराच्या ओट्यावर, निंबाच्या सावलीत चार पोट्टे बसले होते. माना खाली, अंगठे चालू. मधेच एक जण ओरडला, "अबे रिव्हाइव्ह दे ना, मेलो ना मी!" आम्ही बाजूला जाऊन बसलो. मॅच संपल्यावर विचारलं, "काय रे, मजा आली का?" तिघे हसले. चौथा मात्र हसला नाही. चौघांत त्याचीच टियर सगळ्यात वरची. तो म्हणाला, "मजा तर केव्हाचीच गेली, काका. पण सोडलं तर टियर खाली जाते ना."

त्याचं हे बोलणं आमच्या डोक्यातून गेलं नाही. खेळ मजेसाठी असतो. मजा गेली आणि खेळ तेवढा उरला, तर तो खेळ राहत नाही, ड्युटी होते. आणि ड्युटी असून पगार नाही!

मोबाईलच्या खेळावर आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, "बंद करा, फोन फोडून टाका." दुसरा, "आजकालचे पोट्टे असेच, जाऊ द्या." दोन्हींनी काम होत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर वेगळा प्रश्न घेतला आहे. जो पोरगा पाच-सात वर्षांपासून एकच खेळ खेळतो आहे, त्याने तो आनंदाने आणि अंगाला न लावून घेता कसा खेळावा?

आधी आई-वडिलांसाठी : हा खेळ आहे तरी काय?

घरात सगळे ज्याला 'पब्जी' म्हणतात, त्याचं आजचं नाव बीजीएमआय. पब्जी मोबाईल 2018 मध्ये आला. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने त्यावर बंदी घातली. 2 जुलै 2021 ला तोच खेळ भारतापुरत्या नव्या नावाने परत आला. जुलै 2022 मध्ये तो पुन्हा दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरवरून, काढला गेला आणि मे 2023 च्या शेवटी परत मिळू लागला. इतक्या वेळा बंद होऊनही पोरांनी तो सोडला नाही, यावरूनच त्याची ओढ लक्षात यावी.

विमानातून शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. हत्यारं, औषधं, गाड्या शोधायच्या. सुरक्षित जागेचा गोल हळूहळू लहान होत जातो. शेवटी जो जिवंत राहील तो जिंकला. चार जणांची टोळी करून खेळता येतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. एक जण पडला तर दुसरा धावून जाऊन त्याला उठवतो. वस्तीतला एक मित्र पुण्याला कंपनीत लागला, एक सुरतेला गेला, एक इथेच राहिला. रात्री नऊला तिघे एका बेटावर भेटतात, घरच्या गोष्टी बोलतात. आई-वडिलांनी ही बाजूही पाहावी. पोरगा "नुसता मोबाईल पाहून राहिला" असं आपल्याला दिसतं, पण बरेचदा तो मित्रांत बसलेला असतो.

मजा जाते कुठे?

खेळात ब्रॉन्झपासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सगळ्यात वर काँकरर. काँकररमध्ये मोजून पाचशे जण बसतात. सीझन संपला की सगळ्यांना काही पायऱ्या खाली उतरवतात आणि चढाई पुन्हा सुरू. म्हणजे हा असा जिना आहे, जो कधी संपतच नाही. वरून रोजची मिशनं, रॉयल पास, लॉगिन केल्याचं बक्षीस. एक दिवस चुकला की काहीतरी हातचं गेलं असं वाटतं.

बक्षिसाने आवड वाढते असं आपल्याला वाटतं. 1973 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर 'चांगला खेळाडू' असं प्रशस्तिपत्र मिळेल. ते त्यांना दिलंही. काही दिवसांनी पाहिलं, तर हीच मुलं मोकळ्या वेळेत रंगांकडे कमी वळत होती. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं, त्यांची आवड तशीच होती. बक्षिसासाठी काम करायची सवय लागली की कामातली गोडी कमी होते. ओट्यावरच्या त्या चौथ्या पोराचं हेच झालं आहे.

मग मजा नसताना हात का थांबत नाही? कारण बक्षीस केव्हा मिळेल ते ठरलेलं नसतं. स्किनर या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. प्रत्येक टोचीला दाणा ठरलेला असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर थांबतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते टोचतच राहतं. क्रेट उघडणं, स्पिन फिरवणं, "अजून एक मॅच, या वेळी जिंकतो" म्हणणं, हे सगळं त्याच जातीचं. पोराचं मन कमकुवत आहे असं समजू नका. खेळाची बांधणीच तशी आहे.

मजा परत आणायची कशी?

माणसाला खेळात गोडी कशामुळे वाटते, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. त्याचं सार तीन गोष्टींत सांगता येतं : आपल्या मर्जीने खेळणं, हात सुधारत जाणं आणि आपल्या माणसांची सोबत. या तिन्हींवरून आम्ही पोरांशी बोललो. त्यातून निघालेल्या या गोष्टी.

पहिलं, एक सीझन टियर सोडून पाहा. खाली गेली तर जाऊ द्या. टियर खाली गेल्याने घरातलं काही जात नाही. रँकच्या बाहेरची क्लासिक मॅच खेळा, किंवा चार विरुद्ध चारची टीडीएम खेळा. ती दहा मिनिटांच्या आत संपते.

दुसरं, मॅच मोजा. एरंगेलची मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते, लिविकची साधारण पंधरा मिनिटं. "एक तास खेळतो" म्हटलं की मॅच अर्धवट असताना तास संपतो आणि भांडण होतं. त्यापेक्षा "आज दोन मॅच" असं आधीच ठरवा. घरच्यांनीही मधे फोन ओढू नये. मधे सोडलं तर बाकीचे तिघे अडकतात आणि पोराची मित्रांत मान खाली जाते. मॅच संपली की उठायचं, हा सौदा दोघांनी पाळावा.

तिसरं, हरल्यावर लगेच पुढची मॅच लावू नका. रागात खेळलेली मॅच सहसा हरण्यातच जाते. उठा, पाणी प्या, ओट्यावर एक चक्कर मारा.

चौथं, सुधारण्यासाठी एकच गोष्ट धरा. या आठवड्यात नकाशा वाचणं, पुढच्या आठवड्यात साथीदाराला वेळेवर उठवणं. नव्या पोराला शिकवा. जुन्या खेळाडूला शिकवण्यात जी गोडी मिळते, ती विसाव्या स्किनमध्ये मिळत नाही.

पाचवं, काही दिवस सुटी घ्या. परीक्षेचे दिवस, घरातलं लग्न, 14 एप्रिलची तयारी, तेव्हा फोनमधून खेळ काढूनच टाका. आयडी कुठे जात नाही. परत आल्यावर खेळ नवा वाटतो.

अंगाकडे लक्ष

झोप आधी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, मोठ्यांना किमान सात. रात्री दोनपर्यंत खेळून सकाळी सातच्या शिफ्टला जाणारा तरुण मशीनवर पेंगतो, आणि तिथे रिव्हाइव्ह नसतो. झोपण्याच्या एक तास आधी शेवटची मॅच संपवा आणि फोन उशाजवळ न ठेवता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. एकच खोली असेल तर आईच्या बाजूला ठेवा.

डोळ्यांसाठी वीस-वीस-वीस लक्षात ठेवा : दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहायचं. स्क्रीनकडे टक लावल्यावर पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि जळतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांना सूज आलेली असू शकते. काही दिवस हाताला आराम द्या. थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. मान वाकवून बसण्यापेक्षा पाठ भिंतीला टेकवा आणि फोन डोळ्यांच्या जवळपास धरा.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो. टिनाखालच्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन घेऊन खेळू नका. फोन तापतो, खेळ अडकतो, बॅटरी फुगण्याची भीती राहते. फोन गरम लागला की तो आणि तुम्ही, दोघांनीही विश्रांती घ्या.

पैसा आणि माईक

खेळ फुकट आहे, कपडे आणि बंदुकांचे रंग विकत आहेत. त्यांनी खेळ जास्त चांगला होत नाही. आईच्या फोनवर यूपीआयचा पिन पोरांना माहीत नसावा. कोणी "स्वस्तात यूसी देतो" किंवा "आयडी विकत घेतो" म्हणून ओटीपी मागितला, तर तो चोर समजा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. पैसे लावून खेळायचे रमी-बिमीचे ऑनलाईन खेळ वेगळे. त्यांच्यावर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. पण एक हिशेब ध्यानात असू द्या. काँकररमध्ये जागा पाचशे, खेळणारे कोट्यवधी. मैदानात नाव काढावंसं वाटणं चांगलं आहे, पण त्यासाठी दहावी-बारावी सोडू नका.

पोरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आयडीच्या नावात 'जयभीम' दिसलं की काही अनोळखी खेळाडू माईकवर जातीवरून बोलतात. मुलींचा आवाज ऐकला तर घाण बोलतात, म्हणून वस्तीतल्या मुली माईक बंद ठेवूनच खेळतात. यावर आमचं सांगणं सरळ आहे. उलट शिवी देऊन आपली मॅच आणि मन खराब करू नका. स्क्रीन रेकॉर्ड करा, म्यूट करा, रिपोर्ट करा. पण आपलं नाव बदलू नका. आणि अनोळखी लोकांपेक्षा आपल्याच ओळखीच्या चौघांची टोळी करा. मुलींनाही तिच्यात घ्या.

आजार केव्हा म्हणायचा?

खूप खेळणं म्हणजे आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. तीन खुणा पाहतात : खेळण्यावर ताबा राहत नाही, जेवण-शाळा-काम-नाती सगळ्यांच्या पुढे खेळ जातो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं वाढतच जातं. हे साधारण वर्षभर चालू असेल आणि रोजचं जगणं बिघडलं असेल, तर मदत घ्यावी. वर्षभर थांबायलाच हवं असं नाही. पोरगा शाळेत जाणं सोडतो, जेवत नाही, फोन घेतला की स्वतःला किंवा दुसऱ्याला मारतो, मरण्याच्या गोष्टी बोलतो, तर त्याच दिवशी बोला.

टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर 14416. फोन फुकट, दिवस-रात्र चालू, मराठीत बोलता येतं. मेडिकलमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. तिथे गेलं म्हणजे पोरगा 'येडा' झाला असा अर्थ नाही. दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

बरेचदा खेळ हे दुखण्याचं कारण नसतं, ते झाकण असतं. घरातली भांडणं, नापास झाल्याची लाज, काम न मिळण्याचा ताण, यांच्यापासून पोरगा बेटावर पळतो. अशा वेळी नुसता फोन काढून घेतला तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. आधी त्याच्याजवळ बसा. एखादी मॅच बघा. "हा लाल कपड्यातला तू का?" एवढं विचारलं तरी पोरगा बोलायला लागतो.

आम्ही त्या चौथ्या पोराला सांगितलं, "एक महिना टियरकडे पाहू नको, नुसता मित्रांसोबत खेळ." तो म्हणाला, "पाहतो." पंधरा दिवसांनी परत भेटला. टियर घसरली होती आणि त्याचं त्याला वाईट वाटत होतं, हे त्याने लपवलं नाही. पण शेजारच्या लहान पोराला पॅराशूट कुठे उघडायचं ते शिकवत होता, आणि शिकवताना हसत होता. रात्री किती वाजता झोपतो, असं विचारलं. "बारा," तो म्हणाला. आधी तीन वाजायचे. बारा म्हणजे अजून उशीरच आहे, पण तीनपेक्षा बराच बरा. पुढच्या महिन्यात अकरावर आणायचं ठरलं आहे.