बातमी आणणारी बाई

पौडहून बोलतोय आम्ही.

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचत मोजून झाली, हप्ते वहीत चढवले, आणि एका ताईंनी विषय काढला. त्यांच्या लेकीला पत्रकार व्हायचंय. घरचे म्हणतात, शिक्षिका हो, नर्स हो, पण हे नको. रात्री-अपरात्री हिंडायचं, पुरुषांत उठबस. निम्म्या जणी घरच्यांच्याच बाजूच्या निघाल्या. आम्हीही लगेच "पाठवा" म्हणालो नाही, खोटं कशाला सांगा? मग जरा माहिती काढली.

आपल्याकडे बाई संपादक झाली त्याला शंभरावर वर्षं झाली. तानुबाई बिर्जे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या. पती वासुदेवराव 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचं पत्र चालवायचे. १९०६ साली ते वारले आणि तानुबाईंनी संपादकाची जागा घेतली. देशातली पहिली महिला संपादक म्हणून त्यांचं नाव घेतात. पण बघा, खुर्ची मिळाली ती नवरा गेल्यावर.

आज पेपरात, टीव्हीवर मुली दिसतात. प्रश्न आहे कोणतं काम कुणाला, याचा. आरोग्य, पाककृती, सणवार बाईकडे; राजकारण, गुन्हे, जिल्हा परिषद पुरुषाकडे, ही वाटणी अजून पुष्कळ ठिकाणी चालते. पुढे संपादक निवडताना मात्र विचारतात, राजकारणाचा अनुभव आहे का? दिलाच नाही तर येणार कुठून! तालुक्याला तर आणखी अवघड. पुष्कळ वार्ताहरांना पगार नसतो, थोडं मानधन, वर जाहिराती आणायच्या. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, पण ज्याची पगाराची पावतीच नाही ते काम मोजायचं कशाशी?

यात आपलं काय अडलंय? टँकरची बातमी घ्या. किती टँकर आले, एवढंच छापून येतं. हंडा घेऊन किती वाजता उठावं लागलं, कुणाची पोरगी शाळेला मुकली, हे विचारणारं कुणी लागतं. बाई आहे म्हणून ती विचारेलच असं नाही हो, पण आपण तिच्याशी मोकळं बोलतो.

आता भीतीचं. २०१३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलच्या आवारात कामावर गेलेल्या तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक अत्याचार झाला. रात्र नव्हती, संध्याकाळ होती. सोबत सहकारीही होता. तिने तक्रार केली, २०१४ साली गुन्हेगारांना शिक्षा झाली. तेव्हा नुसतं "अंधाराआधी घरी ये" म्हणून भागत नाही. आणि त्रास दरवेळी एवढा उघड नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयात प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराला संभाजी भिडे यांनी आधी टिकली लावायला सांगितलं. राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस काढली. पुरुष वार्ताहराला प्रश्नाआधी कपाळ दाखवावं लागत नाही.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३चाच. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांत, लेखी. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची. कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा, मालकाने दिलेली गाडीसुद्धा. नियुक्तीपत्र नसलं तरी चालतं. रोजंदारी, मानधनावरची, शिकाऊ, फुकट काम करणारीसुद्धा यात येते. म्हणजे ही पत्रकार मुलींपुरती गोष्ट नाही. कंपनीत, हॉटेलात, शेतघरावर कामाला जाणाऱ्या आपल्यालाही हाच कायदा.

याच कायद्यात ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायला सांगितलंय. त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. आपल्या मुळशीला ते कोण, हे आमच्या गटात एकीलाही सांगता आलं नाही. येत्या सोमवारी तहसील कचेरीत विचारायला जातोय. त्या ताई येणार आहेत, लेकही येते म्हणालीय. नाव, फोन आणि बसायची जागा वहीत उतरवून घ्यायचं काम तिला दिलंय.